बीडला धावपट्टी नको, संभाजीनगरला वेळ द्या

तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड
जानेवारी २०२६

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री यांस



बीडला विमानतळ द्या, असं म्हणणाऱ्या निवेदनांचा गठ्ठा आपल्या कार्यालयात असणारच. त्या गठ्ठ्यात हे पत्र जाऊ नये, ही पहिली विनंती. मी बीड जिल्ह्यातलाच आहे, त्वरितादेवीच्या तलवाड्याचा, पण माझं मागणं नेमकं उलट आहे. आमच्या जिल्ह्यात तूर्त धावपट्टी बांधू नका. जमीन कापसाखाली आणि उसाखाली आहे, तशी राहू द्या. जेवढी ताकद भूसंपादनात आणि भूमिपूजनात जाईल, तिचा चौथा हिस्सा संभाजीनगरहून मुंबईला जाणाऱ्या विमानाची वेळ ठरवण्यात घाला. बीड, गेवराई, माजलगाव, अंबड, पैठण या सगळ्या भागाला त्याचा उपयोग धावपट्टीपेक्षा आधी होईल.

हे बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे. नोकरीचा बराच काळ मुंबईत एका विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात गेला. विमान मी कधी चालवलं नाही. कुठलं विमान कुठल्या दिवशी कुठून किती वाजता सुटेल आणि रात्री कुठे मुक्कामाला राहील, याचा तक्ता मांडणाऱ्या माणसांपैकी मी एक. गावाकडे परतल्यावर लोक मला विमानाबद्दल वाट्टेल ते विचारतात, पण सगळ्यांत नेमका प्रश्न आमच्या एका शेजाऱ्याने विचारला. त्याचा मुलगा टाटा रुग्णालयात दाखवायला न्यायचा होता. तो म्हणाला, "काका, संभाजीनगरहून सकाळच्या विमानानं जाऊन, डॉक्टरला दाखवून, त्याच दिवशी रात्रीच्या विमानानं माघारी येता येतं का? रोज येतं का?" साहेब, विमानसेवेची सगळी परीक्षा या दोन प्रश्नांत आहे. सकाळी जाऊन रात्री परत, आणि रोज. टर्मिनलची काच किती चौरस मीटर आहे, हे त्याने विचारलं नव्हतं.

वेळेचं मोल आमच्या जिल्ह्याला नुकतंच कळलं आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, बीडला रेल्वे आली. कित्येक पिढ्यांनी या गाडीची वाट पाहिली, आणि गाडी आली तेव्हा स्टेशनवर माणसं मावत नव्हती. पण सुरुवातीच्या वेळापत्रकात ती सकाळी अहिल्यानगरहून निघून दुपारी बीडला पोचायची आणि दुपारी बीडहून निघून संध्याकाळी नगरला. नगरला कोर्टाचं, दवाखान्याचं काम असलेल्या बीडकराला ती निरुपयोगी, कारण गाडी पोचते तेव्हा कचेऱ्या बंद होतात. रूळ खरे, डबे खरे, इंजीन खरं, फक्त तास चुकलेला. विमानाचं यापेक्षा वेगळं काही होत नाही, फक्त तिथे चुकलेला तास दुरुस्त करणं फार अवघड असतं. का अवघड असतं, ते जरा सविस्तर सांगतो. आपल्या खात्यात हे सगळ्यांना माहीत आहे, पण हे पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांत आमच्याकडचे लोकही असतील.

विमान कंपनीचं वर्ष दोन हंगामांचं असतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्याच्या कितीतरी महिने आधी कंपन्या विमानतळांकडे स्लॉट मागतात, मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, अख्खं वेळापत्रक मंजूर करतं. स्लॉट म्हणजे अमुक विमानतळावर अमुक मिनिटाला उतरायची किंवा उडायची परवानगी. गेवराई तालुक्यातल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. जायकवाडीच्या उजव्या कालव्याला आवर्तन सुटलं की चारीवर पाणीपाळी लागते. रात्री दोनची पाळी असेल तर रात्री दोनलाच बॅटरी घेऊन बांधावर जावं लागतं, आणि टेलच्या शेतकऱ्याला किती पाणी पोचणार हे हेडवाल्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मुंबईच्या धावपट्टीवर मराठवाडा टेलला आहे.

मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. त्या एकीवर ११ नोव्हेंबर २०२३ ला एका दिवसात १,०३२ विमानं उतरली-उडाली. जगात एका धावपट्टीवर असा भार क्वचित कुणी घेतो. याचं कौतुक झालं आणि तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, आपल्याच मंत्रालयाला हात आखडता घ्यावा लागला. गर्दीच्या तासांत ताशी ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ विमानं, असा आदेश निघाला. कारणही मंत्रालयानेच पत्रक काढून मांडलं होतं. विमानं चाळीस-चाळीस मिनिटं, कधी तासभर मुंबईवर घिरट्या घालत होती. एक विमान तासाला सरासरी दोन हजार किलो इंधन खातं, म्हणजे चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत जवळपास पावणेदोन लाख रुपयांचं इंधन हवेत जातं. दिलेल्या पाळ्या धावपट्टीच्या कुवतीपेक्षा जास्त होत्या, हे सरकारने तेव्हा स्वतः कबूल केलं. मला ते पत्रक आवडलं होतं. सरकारी कागदावर इतकं स्पष्ट क्वचित लिहिलेलं असतं.

आता त्या ४४ मधला एक स्लॉट कुणाला मिळावा? नियम असा की ज्याने गेल्या हंगामात आपल्या स्लॉटचा किमान ८० टक्के वापर केला, त्याचा त्यावर पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात पहिला हक्क. जुन्याचा हक्क शाबूत, नव्याला उरलंसुरलं. आणि ज्याच्याकडे सकाळी आठचा स्लॉट आहे तो त्यात दिल्लीचं दोनशे आसनांचं विमान घालेल की संभाजीनगरचं सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनांचं एटीआर? धावपट्टीवर दोघांना जवळपास तेवढीच जागा आणि तेवढीच मिनिटं लागतात. वर आणखी एक गोष्ट आहे, जी गावाकडे कुणालाच ठाऊक नसते. देशांतर्गत नियमित सेवेतल्या ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला आपल्याकडे लँडिंग शुल्क माफ आहे. छोट्या गावांना सेवा मिळावी म्हणून केलेली सवलत. हेतू चांगला, परिणाम उलटा. खासगी विमानतळ चालवणाऱ्याला एटीआर उतरवून त्या शुल्कापोटी एक रुपया मिळत नाही. मग तो अशा विमानासाठी गर्दीच्या वेळी दार उघडेल कशाला? छोटी शहरं विमानाने जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत नाशिक, जळगाव, कोल्हापूरची मुंबई सेवा जाहीर होऊनही रखडली ती याच दारावर. जळगावचं विमान अखेर २३ डिसेंबर २०१७ ला निघालं, एअर डेक्कनच्या १९ आसनी विमानाने, आणि फार टिकलं नाही.

स्लॉट मिळाला असं धरून चालू. आता विमानाचा दिवस मांडायचा. धरा, एक विमान पहाटे मुंबईहून दिल्लीला जातं, दिल्लीहून संभाजीनगरला, तिथून मुंबईला, मग गोव्याला, परत मुंबई, मग आणखी एक फेरी आणि रात्री अकराला मुक्काम. आम्ही याला रोटेशन म्हणतो. प्रत्येक उतरणीनंतर अर्धा-पाऊण तास: माणसं उतरवणं, केबिन साफ करणं, सामान, इंधन, नवी माणसं. दिल्लीत १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा धुक्याचा काळ खात्याने मानलेलाच आहे. सकाळी दिल्लीत धुकं पडलं आणि विमान दोन तास अडकलं, की संभाजीनगरला स्वच्छ ऊन असूनही तिथला माणूस दोन तास बसून राहतो. त्याला वाटतं कंपनी खोटं बोलते. कंपनी खोटं बोलत नसते, ती महिन्यापूर्वी कागदावर खोटं बोललेली असते, जेव्हा तिने दोन फेऱ्यांमध्ये श्वास घ्यायला जागा ठेवली नाही.

ही जागा म्हणजे बफर. वेळापत्रकवाल्याचं सगळं भांडण बफरवरून असतं. विक्रीवाले म्हणतात, विमान जमिनीवर उभं म्हणजे पैसा उभा. एअरबससारखं विमान दिवसाला बारा-तेरा तास हवेत राहिलं तर परवडतं. त्यामुळे बफर कापला जातो, आणि कापला जातो तो नेहमी आखूड मार्गाचा. मुंबई-संभाजीनगर हवेतून जेमतेम पाऊण तास. पण मुंबईत टॅक्सीवेवर रांग आणि वर घिरट्या धरल्या तर त्या पाऊण तासाचा दीड तास होतो. लांबच्या मार्गावर वैमानिक वेग वाढवून दहा मिनिटं भरून काढू शकतो, आखूड मार्गावर भरून काढायला हवाच उरत नाही. म्हणून उशीर झाला आणि साखळीतला एक दुवा तोडायची वेळ आली की आखूड मार्गाची फेरी आधी रद्द होते. संभाजीनगरची फेरी रद्द केली तर दिल्ली-मुंबईची वाचते. हे मी स्वतः केलेलं आहे. त्या खुर्चीवर बसलेला दुसरा कुणीही तेच करेल.

सकाळची पहिली फेरी संभाजीनगरहूनच सुटायला हवी असेल, तर विमान रात्री तिथे मुक्कामाला हवं. त्यासाठी वैमानिक आणि केबिन क्रूला राहायची सोय, सकाळी विमान तपासून सही करणारा अभियंता, एखादं चाक किंवा पंप बिघडला तर सुटा भाग. हे सगळं एका फेरीसाठी. आणि रात्रीचं विमान उशिरा पोचलं तर वैमानिकांची ठरलेली विश्रांती पूर्ण होईपर्यंत सकाळचं विमान हलत नाही. रात्रीचा उशीर सकाळच्या प्रवाशाच्या गळ्यात पडतो तो असा. मग कंपनी सोपा मार्ग घेते: विमान मुंबईत ठेवायचं आणि दुपारी सवडीने संभाजीनगरला एक फेरी मारायची. ती फेरी पर्यटकाला चालते, कारण वेरूळची लेणी दुपारी कुठे जात नाहीत. आमच्या शेजाऱ्याला ती चालत नाही.

गेल्या डिसेंबरात देशाने जे पाहिलं, त्याचं मूळ इथेच आहे. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम दोन टप्प्यांत आले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीच्या उतरणी सहावरून दोनवर आल्या. पहाटे पाचऐवजी सहापर्यंतचा वेळ रात्रीचा धरला गेला. नियम योग्यच होते. थकलेल्या माणसाच्या हातात दीडशे-दोनशे जीव देऊ नयेत, यावर दुमत कशाला? पण देशांतर्गत वाहतुकीचा जवळपास दोन तृतीयांश भाग एकट्या इंडिगोकडे, आणि तिचं वेळापत्रक जुन्या हिशोबाने ताणलेलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. आपल्या पुण्यात तर क्रूअभावी उभ्या राहिलेल्या विमानांनी पार्किंग बे अडवले आणि ज्यांच्याकडे क्रू होते त्या दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांना उभं राहायला जागा मिळेना. सरकारला तिकिटाचे दर बांधावे लागले, पाचशे किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये. इंडिगोला १० फेब्रुवारीपर्यंत काही नियमांतून सवलत द्यावी लागली आणि तिचं वेळापत्रक दहा टक्के कापावं लागलं.

यात मला सगळ्यांत बोचली ती डीजीसीएच्याच आदेशातली एक आकडेवारी. हिवाळी वेळापत्रकात कंपनीला आठवड्याला १५,०१४ उड्डाणं मंजूर झाली, ती ४०३ विमानं हाताशी आहेत असं धरून. प्रत्यक्षात ऑक्टोबरात ३३९ आणि नोव्हेंबरात ३४४ विमानंच चालली. साहेब, पन्नासपेक्षा जास्त विमानं कागदावर होती आणि आकाशात नव्हती, तरी वेळापत्रकावर शिक्का बसला. मंजुरीच्या वेळी कुणी विचारलं नाही की विमानं दाखवा, वैमानिकांचं रोस्टर दाखवा, आजारी पडले तर बदली किती आहेत ते दाखवा. कंपनीचा दोष मोठा आहे, पण शिक्का तिचा नव्हता.

वेळापत्रक मंजूर करताना फक्त स्लॉट आणि मार्ग बघून चालत नाही. रोस्टर आणि विमानांची खरी संख्या बघितली नाही, तर मंजुरी म्हणजे नुसती पोचपावती. हा बदल करायला नवा कायदा लागत नाही. अर्जाबरोबर दोन जोडपत्रं मागवायची आणि ती वाचायला माणसं नेमायची, बस्स.

आता धावपट्ट्यांकडे येतो. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी सिमल्याहून उडानच्या पहिल्या विमानांना झेंडा दाखवला, त्यात एक नांदेड-हैदराबाद होतं. ते विमान ट्रूजेटचं. ती कंपनी २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली. स्टार एअरने नांदेड पुन्हा जोडलं ते २०२४ च्या उन्हाळी वेळापत्रकात. लातूरला धावपट्टी आहे, धाराशिवला आहे. दोन्हीकडे नियमित प्रवासी विमान नाही. सोलापूरची कथा तर पूर्ण सांगायला हवी. विमानाच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. शहर दोन तट पडून भांडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये टर्मिनलचं उद्घाटन झालं. पहिलं विमान उडालं ९ जून २०२५ ला, आणि ते गेलं गोव्याला. ज्या मुंबईसाठी सोलापूरकर इतकी वर्षं ओरडत होते, तिथलं विमान ऑक्टोबरात सुरू झालं, तेही राज्य सरकारने तूट भरून द्यायचं कबूल केल्यावर. चिमणी पाडायला काही सेकंद लागले होते.

हे एकट्या मराठवाड्याचं किंवा सोलापूरचं दुखणं नाही. २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांनी उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशोब मांडला. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत पूर्ण करू शकले ११२, आणि मुदत संपल्यावर टिकले फक्त ५४. यात धावपट्टी नव्हती म्हणून अडलेले मार्ग आहेत, हे मान्य. पण अनुदान घेऊन, दुपारची वेळ घेऊन, रिकाम्या खुर्च्या उडवून बंद पडलेले मार्गही त्यात आहेत. अनुदानाने तिकीट स्वस्त होतं. चुकीच्या वेळेचं विमान त्याने उपयोगाचं होत नाही.

एक जुनी आठवण इथे टाळता येत नाही. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावरून, मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. तो रस्ता बीडचा. चौकशीत वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला हे आलं, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक अडवली गेली नाही हेही आलं. विमान सुटण्याची वेळ आणि फाटक लावण्याची वेळ, यांची गाठ कुणी घातली नव्हती. आमच्या भागातल्या जुन्या लोकांना विमान म्हटलं की आजही आधी तो ट्रक आठवतो. वेळापत्रक हे विक्री विभागाचं कागदकाम नसून सुरक्षेचं पहिलं पान आहे, असं मी नवीन पोरांना सांगायचो, ते याच अपघातावरून.

तर मागणं काय? चिकलठाण्याला सुमारे २,८०० मीटरची धावपट्टी आहे. तलवाड्याहून गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ करत तिथे पोचायला सोलापूर-धुळे महामार्गाने दोन तास पुरतात. बीडकरालाही साधारण तेवढेच. बीडला विमानतळ झाला तरी मुंबईच्या बाजूला स्लॉट लागणारच, आणि तो जर आज संभाजीनगरला मिळत नसेल तर उद्या बीडला कुठून मिळेल? उलट दोन जवळच्या विमानतळांत प्रवासी वाटले गेले की दोन्हीकडे विमान अर्धं रिकामं, आणि अर्धं रिकामं विमान कुठलीही कंपनी फार दिवस चालवत नाही. सेवा बंद पडली की काय होतं, ते २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा संभाजीनगरने भोगलेलं आहे. एक कंपनी गेली आणि शहर मागे गेलं.

२५ डिसेंबरपासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे. तिथे अजून पाळ्या वाटल्या जात आहेत, जुन्यांचे हक्क अजून पक्के झालेले नाहीत. संधी ही आहे आणि ती लवकर संपेल. दोन हंगाम ८० टक्के वापर झाला की तिथलीही सकाळ दिल्ली-बंगळूरच्या नावावर लागेल आणि मग कुणीही मंत्री आला तरी ती सोडवता येणार नाही. म्हणून आत्ताच नवी मुंबईत सकाळची एक आणि रात्रीची एक अशा दोन वेळा संभाजीनगरसाठी राखून ठेवा. त्याच धर्तीवर नांदेडसाठी. कंपनी कुठलीही असो, बंद पडली तर वेळ त्या शहराकडेच राहील, कंपनीबरोबर जाणार नाही, अशी अट घाला. स्लॉट शहराच्या नावावर, कंपनी त्याची वहिवाटदार. आपल्या खात्यातले काही अधिकारी म्हणतील की हे जागतिक पद्धतीला धरून नाही. पण अनुदानित मार्गांना आपण वेगळी वागणूक देतोच, मग तासाच्या बाबतीतही द्यायला काय हरकत आहे? लँडिंग शुल्कात सूट दिल्याने विमानतळाचं जे नुकसान होतं ते अनुदानाच्या रकमेतूनच भरून द्या, म्हणजे एटीआर पाहून कुणी तोंड फिरवणार नाही.

राज्य सरकारला एक गोष्ट आपण सुचवू शकता. तुटीची भरपाई द्यायची असेल तर ती आसनांवर देण्यापेक्षा मुक्कामावर द्या. जी कंपनी संभाजीनगरला रात्री विमान ठेवेल, तिथे अभियंता ठेवेल, तिला पैसा. दुपारी येऊन जाणाऱ्याला नाही.

आणि उशीर मोजा. वेळ पाळण्याची टक्केवारी डीजीसीए दर महिन्याला जाहीर करतं, पण ती मोजक्या मोठ्या विमानतळांवरची. संभाजीनगरचं विमान तीन तास उशिरा सुटलं की ते कुठल्याच तक्त्यात येत नाही. जे मोजलं जात नाही त्याच्यावर रोटेशन मांडणारा माणूस सगळ्यांत आधी कात्री चालवतो, हे मी अनुभवाने सांगतो. छोट्या विमानतळांवरचा उशीर आणि रद्द झालेल्या फेऱ्या कंपनीच्या नावासकट छापायला लागा. एवढ्यानेही बराच फरक पडेल.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, वंदे भारत नांदेडपर्यंत आली. काही मित्र म्हणतात, आता विमानाची गरजच काय? गरज आहे. वंदे भारत नांदेडहून पहाटे निघून दुपारी मुंबईत पोचते, म्हणजे त्या दिवसाची ओपीडी गेली. समृद्धीने गाडी घेऊन जायला गाडी लागते आणि चालवायला धडधाकट माणूस लागतो. विमान श्रीमंतांचं, ही समजूतही जुनी झाली. पुण्या-बंगळूरला काम करणारी आमच्या तालुक्यातली पोरं सणावारी तिकिटं बघतातच. त्यांनाही तोच प्रश्न पडतो: शुक्रवारी संध्याकाळी सुटून सोमवारी सकाळी कामावर जाता येईल, असं विमान आहे का?

आपण पुण्याचे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, तिथे मुलकी विमानांना उरलेल्या तासांत भागवावं लागतं. धावपट्टीच्या डागडुजीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये पुणे चौदा दिवस पूर्ण बंद होतं, तेव्हा शहराची काय तारांबळ झाली ते आपण जवळून पाहिलं असेल. दुसऱ्याच्या सोयीच्या तासांत जगणं म्हणजे काय, हे दिल्लीत बसलेल्या कुणापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे.

पुढचं उन्हाळी वेळापत्रक २९ मार्चला लागू होईल, त्याच्या पाळ्या वाटून झालेल्या आहेत, तिथे फारसं काही हलणार नाही. हिवाळी वेळापत्रक २५ ऑक्टोबर २०२६ ला सुरू होतं आणि त्याचे स्लॉट मे-जूनमध्येच ठरतात. तेवढ्या अवधीत नवी मुंबईच्या यादीत संभाजीनगरच्या नावावर सकाळची एक आणि रात्रीची एक वेळ लिहून घ्यावी, ही विनंती.

आपला,
तलवाड्याचा एक निवृत्त वेळापत्रकवाला